वापरलेलं इंटरकूलर किट विकायचंय, कसं विकू?

या महिन्यात टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) असलेल्या गाडीवाल्यांची पत्रं जास्त आलीत आणि त्यातली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, म्हणजे गाडीला नंतर वेगळं घेऊन बसवलेलं इंटरकूलर किट (टर्बोने तापवलेली हवा इंजिनात जायच्या आधी गार करणारी जाळी आणि तिचे पाईप) काढून विकणं किंवा दुसऱ्याचं काढलेलं विकत घेणं. म्हणून सगळी एकत्र घेतलीत.

प्रश्न : माझ्याकडे २०१७ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३० आहे. घेतल्यावर मोठा इंटरकूलर, सोबतचे पाईप आणि स्टेज टू रिमॅप (जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं) करून घेतला होता. आता कंपनी बाहेरदेशी पाठवतेय म्हणून गाडी विकायचीय. जुन्या गाड्यांचा डीलर म्हणतो मॉडिफाय केलेली गाडी आहे, भाव कमी येईल. किट वेगळं काढून विकावं का? किती मागू? आणि जाहिरातीत २५ बीएचपी वाढते असं लिहिलं तर चालेल का, कारण मला विकताना तसंच सांगितलं होतं. जुना इंटरकूलर बहुतेक गॅरेजमध्येच पडलेला असेल. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. जाहिरात नंतर, भाव नंतर, आधी गॅरेजला फोन करा आणि गाडीसोबत आलेला कंपनीचा जुना इंटरकूलर खरंच तिथे आहे का ते बघून या, फोनवर "आहे ना" म्हणाले तरी डोळ्यांनी बघून या. अॅल्युमिनियमचा तुकडा आहे, भंगारात किलोवर जातो आणि दुकान आवरताना कोणी विचारत बसत नाही. तो गेला असेल तर किट काढून विकण्याचं सगळं गणितच बदलतं, कारण मग तुम्हाला कंपनीचा नवीन घ्यावा लागणार, त्याच्या ओ-रिंग आणि क्लिपा वेगळ्या, आणि वर पुढचा बंपर काढून सगळं उलटं बसवायची मजुरी. तो खर्च किटच्या भावातून वजा केल्यावर हातात काय उरतं ते कागदावर मांडा, काही वेळा इतकं कमी उरतं की किटसकट गाडी एखाद्या हौशी माणसालाच विकलेली परवडते.

जुना भाग सापडला तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, किट काढा, गाडी मूळ रूपात आणा आणि दोन्ही वेगळे विका. ज्याला रोज ऑफिसला जायला सेकंडहँड आरएस हवीय त्याला मोठा इंटरकूलर म्हणजे शंका वाटते, आणि ज्याला इंटरकूलर हवाय त्याच्याकडे गाडी आधीच आहे. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये मालकाला बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. इंटरकूलर आरसीवर लिहिलेला नसतो त्यामुळे काही होत नाही असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात, पण उद्या नव्या मालकाचा अपघात झाला आणि इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने बॉनेट उघडून फोटो काढले तर तो मालक पहिला फोन तुम्हालाच करणार. मॅपसुद्धा परत स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, आणून घ्या. स्टेज टूची फाईल मोठा इंटरकूलर धरून लिहिलेली असते, लहान इंटरकूलरवर तीच ठेवली तर उन्हाळ्यात हवा तापते, इंजिन स्पार्क उशिरा देत राहतं, आणि हे सगळं त्या माणसाच्या गळ्यात पडतं ज्याला यातलं काहीच माहीत नाही.

आता २५ बीएचपी. तसं लिहू नका, तुम्हाला कोणीही सांगितलं असलं तरी. इंटरकूलर स्वतः ताकद निर्माण करत नाही, टर्बोने तापवलेली हवा तो गार करतो एवढंच त्याचं काम, आणि ते काम छोटं नाही. बाहेर ३५ अंश असताना टर्बो हवा एक बार बूस्टला (म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाबाला) दाबतो तेव्हा ती साधारण १३० अंशांपर्यंत जाते. तीच हवा इंटरकूलरमधून ५० अंशांवर बाहेर आली तर त्याच दाबाला ती जवळपास पाव पट जास्त दाट होते, म्हणजे तेवढा जास्त ऑक्सिजन सिलिंडरमध्ये. पण कंपनीचा इंटरकूलरही हे करतोच, पहिल्या एक-दोन वेळा जोरात दाबलं तर तो छान करतो. फरक पडतो तो नंतर, एप्रिलच्या दुपारी खंबाटकी चढताना किंवा ट्रॅकवर लागोपाठ फेऱ्या मारताना, जेव्हा छोटा कोअर (इंटरकूलरचा मधला जाळीचा भाग) स्वतःच तापून बसतो आणि मोठ्या कोअरमध्ये अजून उष्णता शोषायला जागा असते. म्हणजे मोठ्या इंटरकूलरने गाडीची असलेली ताकद टिकते. स्टॉक मॅपवर रोजच्या चालवण्यात माणसाला फरक जाणवणारही नाही कदाचित, आणि घेणाऱ्याला हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर तो पंधरा दिवसांनी फोन करून पैसे परत मागेल आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

उलट तुमच्याकडे एक फार चांगली संधी आहे जी किट काढल्यावर जाईल. ओबीडीचं (गाडीच्या तपासणी सॉकेटला लागणारं) साधं डोंगल लावून इनटेक एअर टेम्परेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, नोंदवून घ्या, त्याच घाटात त्याच वेळेला, एकदा या किटवर आणि एकदा जुना इंटरकूलर परत बसवल्यावर, बाहेरचं तापमानही लिहून ठेवा. वेगमर्यादेत चालवूनही फरक दिसतो. असे दोन स्क्रीनशॉट जाहिरातीत टाकले तर ज्याला कळतं तो माणूस घासाघीस कमी करतो, आणि असल्या वस्तूचं खरं गिऱ्हाईक कळणाराच असतो.

भाव सांगतो कसा धरायचा. तुम्ही त्यावेळी किती दिले ते विसरा. आज तेच किट नवीन मागवलं तर कस्टम ड्युटी, जीएसटी आणि शिपिंग धरून घरात किती रुपयांत पडतं तो आकडा काढा, कारण घेणारा तोच काढणार आहे. इथे एक गोष्ट बऱ्याच विकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, म्हणजे नवीन माल स्वस्त झाला आणि जुन्याचा भाव आपोआप खाली सरकला. त्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास सुरुवात करावी असं मला वाटतं, किट पूर्ण असेल, कोअर सरळ असेल आणि मूळ बिल असेल तर थोडं वर. रबरी होज जुने झाले असतील तर त्यांची किंमत शून्य धरा आणि तसं सांगा. मजुरीचे जे पैसे तुम्ही बसवताना दिले ते घेणाऱ्याने का द्यावेत, त्यालाही बसवायची मजुरी द्यायचीच आहे.

आणि पूर्ण किट म्हणजे पूर्ण. ब्रॅकेट, बोल्ट, क्लॅम्प, कपलर, ओ-रिंग, सूचनांचा कागद, सगळं. आरएसच्या पुढच्या भागात एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक दाटीवाटीने बसलेले असतात, त्यामुळे कोअरइतकाच जीव त्या छोट्या ब्रॅकेटमध्ये असतो, एक ब्रॅकेट हरवला की कोल्हापुरात किंवा कोचीत बसलेला माणूस गाडी उघडून अडकतो. काढतानाच मेकॅनिकजवळ थांबा, प्रत्येक वस्तू पिशवीत घालून चिठ्ठी लावा. बूस्टचा सेन्सर किटच्या पाईपवर बसवलेला असेल तर तो तुमच्या गाडीचा आहे, काढून परत लावा, घाईघाईत तो किटसोबत निघून जातो आणि मग गाडी चेक इंजिनचा दिवा लावून बसते.

काढल्यावर आतून धुवा. थोडासा तेलाचा थर असतोच, इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेलाची वाफ येते त्यामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डिग्रीझर आत घालून हलवा, ओता, पुन्हा करा, मग पाण्याने, आणि मग उभं आडवं करून दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या, आत द्रव राहिला तर तो थेट इंजिनात जातो. बाहेरची जाळी मात्र वॉशिंग सेंटरच्या जोराच्या पाण्याने मारू नका, फिन (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या पडतात. साध्या पाईपाने, मागच्या बाजूने पुढे.

जाहिरात मी लिहिली असती तर अशी लिहिली असती : "ऑक्टेव्हिया आरएस २३० वरून काढलेलं फ्रंट इंटरकूलर किट. अमुक कंपनी, अमुक पार्ट नंबर, अमुक किलोमीटर चाललेलं. टर्बो कधीही फेल झालेला नाही. खाली डाव्या बाजूला दगड लागून दहा-बारा फिन वाकल्यात, फोटो क्रमांक ४ बघा, लीक नाही, प्रेशर टेस्टचा व्हिडिओ आहे. होज जुने आहेत, नवीन घ्यावेत. मूळ बिल आहे. वॉरंटी पहिल्या मालकापुरती होती. चिंचवडला येऊन बघू शकता." एवढं पुरे. वाकलेल्या फिनचा फोटो स्वतःहून टाकला की बाकीच्या सगळ्यावर विश्वास बसतो. बिलाचा फोटो टाकताना आपलं नाव, पत्ता, नंबर झाका. गिऱ्हाईक गाडीच्या ग्रुपमध्येच मिळेल, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला जाणारी मंडळी, बंगळुरू आणि कोइम्बतूरकडचे ट्यूनिंगवाले, आणि तुमचा स्वतःचा ट्यूनर, त्याच्याकडे स्टेज टूच्या रांगेत कोणीतरी असतंच. फेब्रुवारी ते मे हा चांगला काळ, उकाडा सुरू झाला की लोकांना इंटरकूलर आठवतो. "लास्ट किती?" असा एकच मेसेज टाकणाऱ्यांना एकदाच नम्रपणे आकडा सांगा आणि पुढे जा.

प्रश्न : माझ्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयला ऑक्टेव्हिया आरएसचं वापरलेलं किट स्वस्तात मिळतंय. विकणारा म्हणतो एकाच ग्रुपच्या गाड्या आहेत, थोडं वेल्डिंग केलं की बसेल. माझ्या भावाकडे १.८ ची ऑक्टेव्हिया आहे, तिला तरी बसेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पोलोला नको, कितीही स्वस्त असलं तरी. तुमच्या १.२ टीएसआयमध्ये इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या आतच आहे आणि तो पाण्यावर चालतो, हवा गार करायला त्याचं वेगळं कूलंट आणि वेगळा छोटा रेडिएटर असतो. आरएसचा इंटरकूलर समोरून येणाऱ्या वाऱ्यावर चालणारा. ही दोन वेगळी पद्धतीची यंत्रं आहेत, वेल्डिंगने ती एक होत नाहीत.

भावाच्या गाडीचं वेगळं आहे. तिसऱ्या पिढीची ऑक्टेव्हिया असेल, जी आपल्याकडे संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या प्लांटमध्ये जोडली जायची, तर १.८ आणि २.० दोन्ही एकाच इंजिन कुटुंबातली आणि एकाच एमक्यूबी प्लॅटफॉर्मवरची (गाडीचा मूळ सांगाडा), त्यामुळे बऱ्याच कंपन्या दोन्हींसाठी एकच कोअर देतात. पण १.८ वर छोटा आयएस१२ टर्बो आहे आणि आरएसवर आयएस२०, त्यामुळे टर्बोकडून येणारा पाईप तसाच बसेल असं धरून चालू नका. विकणाऱ्याकडून पार्ट नंबर घ्या आणि त्या कंपनीच्या यादीत १.८ लिहिलंय का ते बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. आणि भावाची गाडी स्टॉक मॅपवर असेल तर हे पैसे आधी टायर आणि ब्रेकवर घालावेत असं मी मनापासून सांगेन.

प्रश्न : इंटरकूलर आणि पाईप मिळून वजन दहा किलोच्या आत आहे पण कुरिअरवाला २४ किलोचे पैसे मागतोय. फसवतोय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही, तो खोक्याचे पैसे मागतोय. कुरिअरमध्ये लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक वेळा ५,००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर तेच धरतात. तुमचं खोकं ८० बाय ६० बाय २५ असणार, भागाकार बरोबर २४ येतो. तेच सामान ८० बाय ५० बाय १८ मध्ये बसवलं तर १४.४ वर येतं. भागायचा आकडा कंपनीप्रमाणे बदलतो म्हणून आधी विचारून घ्या. पाईप कोअरच्या कडेला बसवा, वर ठेवू नका, आणि प्रत्येक पाईप फोममध्ये गुंडाळा कारण रस्त्यात खोकं आपटलं की मोकळा पाईपच फिनमध्ये घुसतो. कोअरच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लाय बांधा. दोन्ही तोंडं प्लास्टिकची टोपी लावून किंवा जाड टेपने बंद करा, थर्माकोलचा एक दाणा आत गेला तरी तो पुढे कुठे जाईल सांगता येत नाही.

जवळच्या गावाला मला ट्रॅव्हल्सचं पार्सल बरं वाटतं. रात्री पुण्यात द्या, सकाळी समोरचा स्टँडवरून उचलतो, मधे सामान कमी वेळा हाताळलं जातं. फक्त पावती घ्या, गाडीचा नंबर समोरच्याला पाठवा आणि डिकीत उभं ठेवायला सांगा. लांब पाठवायचं असेल तर ट्रान्झिट इन्शुरन्स घ्या, पॅकिंग करतानाचा व्हिडिओ काढा आणि घेणाऱ्याला खोकं उघडतानाचा काढायला सांगा, भांडणाची वेळ आली तर हे दोन व्हिडिओच कामाला येतात.

प्रश्न : जुना इंटरकूलर घेताना नेमकं काय बघायचं? विकणारा म्हणतो टर्बो गेला म्हणून गाडी मोडीत काढली, पण इंटरकूलर एकदम टकाटक आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : टर्बो कसा गेला ते विचारा. टर्बोचं पातं तुटलं असेल तर धातूचे बारीक कण हवेबरोबर पुढे जातात आणि पहिला मुक्काम इंटरकूलरच्या कोअरमध्ये करतात, आतल्या अरुंद वाटांमध्ये अडकून बसतात, धुतल्यावर सगळे निघाले याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. तुम्ही तो तुमच्या चांगल्या इंजिनाला जोडलात की ते हळूहळू सुटून सिलिंडरमध्ये जाणार. असा इंटरकूलर फुकट मिळाला तरी घेऊ नका, आणि जो हे लपवून विकतो त्याच्याकडून दुसरं काहीही घेऊ नका. माझ्या लेखी या सगळ्या व्यवहारातली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे, कारण वाचतात पाच-दहा हजार आणि जातं समोरच्याचं इंजिन.

बाकी तपासणी अशी. तोंडात पांढरं फडकं घालून फिरवा, काळसर तेलाचा डाग आला तर ठीक, चमक दिसली किंवा खरखरीत लागलं तर परत द्या. उभा धरून ठेवा, तेलाची धार लागली तर टर्बोचं सील गेलेलं असू शकतं. इंटरकूलरच्या टोकांच्या टाक्या जिथे कोअरला वेल्ड केल्यात तिथे टॉर्च मारून भेगा बघा, विशेषतः ब्रॅकेटच्या जवळ, धक्के तिथेच बसतात. समुद्राकाठच्या गाडीचा असेल तर जाळीत पांढरी पूड दिसते का बघा, फिन बोटाने दाबल्यावर चुरा होत असतील तर गार करण्याची ताकद गेलेली आहे. चार-दोन वाकलेल्या फिन असतील तर सरळ करता येतात, त्यावरून भाव पाडत बसू नका.

मग प्रेशर टेस्ट. दोन्ही तोंडांना टेस्टचे प्लग क्लॅम्पने पक्के बसवून, रेग्युलेटर लावून हळूहळू २० ते २२ पीएसआय हवा भरायची, म्हणजे साधारण दीड बार, आणि पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे बघायचे, टाकी नसेल तर साबणाचं पाणी जोडांवर ओतायचं. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरून रेग्युलेटरशिवाय थेट हवा भरू नका, प्लग सुटला तर गोळीसारखा उडतो, आणि टेस्ट चालू असताना त्याच्या समोर कोणीही उभं राहायचं नाही. ही टेस्ट विकणाऱ्याने तुमच्यासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर करावी, आधी काढलेला व्हिडिओ त्याच इंटरकूलरचा आहे हे कळत नाही.

प्रश्न : मी किटची जाहिरात टाकल्यावर दहा मिनिटांत फोन आला, म्हणाला मी आर्मीत आहे, पोस्टिंग लांब आहे, वस्तू न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतोय तो स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. करू का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : करू नका, ही फसवणूक आहे. यूपीआयवर पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. लष्कराच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला तरी तो दुसऱ्या कोणाचा चोरलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि तसाच बनवलेला एसएमएस, तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसल्याशिवाय खोकं हातातून सोडू नका. इंटरकूलर घेणारा खरा माणूस पहिल्या पाच मिनिटांत पार्ट नंबर, किलोमीटर आणि लीकबद्दल विचारतो, ज्याने यातलं काहीच विचारलं नाही आणि भावही केला नाही त्याचा फोन ठेवून द्या. पत्र पोचेपर्यंत पिन टाकून झाला असेल तर आत्ताच्या आत्ता सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा, लवकर कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आधी अडवता येण्याची शक्यता असते, ऑनलाईन तक्रार त्यानंतर नोंदवा.